सैल सांध्यांच्या विद्यार्थ्यांसाठी: ऑनलाइन व्यायामवर्ग घेणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरात ऑनलाइन योग व व्यायामवर्ग घेणारे सर्व शिक्षक आणि वर्गचालक

विषय : जन्मतः सैल सांधे असलेल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या पद्धतीत बदल करण्याबाबत

सन्माननीय शिक्षकहो,

सप्रेम नमस्कार.

मी नौपाड्यात राहते, नोकरीसाठी ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरच्या लोकलने जाते, आणि सकाळी सहाच्या ऑनलाइन वर्गाखेरीज व्यायामाला मला दुसरी वेळ मिळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपल्यासारख्या शिक्षकांनी मोबाइलच्या पडद्यावरून शिकवायला सुरुवात केली, तेव्हा माझ्यासारख्या अनेकींना आयुष्यात पहिल्यांदा नियमित व्यायामाची सवय लागली. त्याबद्दलची कृतज्ञता मनात ठेवूनच हे पत्र लिहीत आहे. माझे सांधे जन्मतः सैल आहेत. अंगठा मनगटाकडे दुमडला तर कोपराखालच्या हाताला टेकतो. कोपर आणि गुडघा सरळ होऊन थांबत नाहीत, थोडे उलट दिशेने जातात. डॉक्टर याला हायपरमोबिलिटी म्हणतात. अशा विद्यार्थ्यांना पडद्यावरून शिकवताना काही गोष्टी बदलाव्यात, अशी आपणास विनंती आहे, आणि त्या विनंतीचा गाभा एवढाच आहे की सांधा किती लांब पोहोचला याचे कौतुक थांबवावे आणि तो कुठे थांबवून धरायचा, हे शिकवावे.

माझ्या पहिल्या वर्गात साठ-सत्तर जण असत. पादहस्तासनात माझे दोन्ही तळवे पहिल्याच दिवशी जमिनीला टेकले. शिक्षिकांनी माझी चौकट सर्वांच्या पडद्यावर मोठी करून दाखवली आणि शरीर असे लवचीक हवे, असे त्या म्हणाल्या. शाळेत कवायतीच्या तासाला हेच होत असे, आणि घरी पाहुणे आले की बोटे उलटी करून दाखवण्याची फर्माईश ठरलेली असे. त्या कौतुकाची मला सवय होती. मी रोज थोडी अधिक वाकू लागले. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी अधोमुख श्वानासनात छाती आणखी खाली नेण्याची सूचना पाळताना माझा उजवा खांदा पुढे सरकला आणि पुन्हा जागेवर बसला. माझा माइक बंद होता, कॅमेरा समोरून लावलेला होता आणि वर्ग पुढे चालू राहिला. मी वीस मिनिटे सतरंजीवर पडून होते. वर्ग संपताना सर्वांनी हात जोडून एकमेकांचा निरोप घेतला, तेव्हाही माझ्या चौकटीत कोणी उभे नाही, हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. त्या शिक्षिकांनी हयगय केली, असे मी आजही म्हणणार नाही. साठ चौकटींमधला एक खांदा दिसणे अवघडच; आणि तो दिसला असता तरी सैल सांधा पडद्यावर कमावलेल्या लवचीकतेसारखाच दिसतो.

त्यानंतरचे दीड वर्ष वेगवेगळ्या दवाखान्यांत गेले. एक्स-रे प्रत्येक वेळी नॉर्मल येत असे. अखेर एका संधिवाततज्ज्ञांनी कोनमापक लावून सांधे मोजले आणि ९ पैकी ७ गुण दिले. या मोजणीला पीटर बायटन या दक्षिण आफ्रिकी आनुवंशिकतातज्ज्ञांचे नाव आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७३ साली मांडली. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे वळते का, अंगठा कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर १० अंशांहून अधिक उलट जाते का आणि गुडघाही तितका मागे जातो का, हे डावीकडे आणि उजवीकडे पाहून आठ गुण होतात. गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीला टेकले तर नववा. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार वयात येण्यापूर्वीच्या मुलांत ६, त्यानंतर पन्नाशीपर्यंत ५ आणि पन्नाशीनंतर ४ गुण असले की सांधे सर्वसाधारणपणे सैल मानतात. या मोजणीत खांदा, खुबा आणि घोटा येत नाहीत, त्यामुळे माझ्या ज्या खांद्याने एवढा त्रास दिला त्याची तिच्यात नोंदच होत नाही, हेही आपल्या लक्षात असावे.

सांधे सैल असणे हा आजार नव्हे. असे कित्येक जण आयुष्यभर नाचतात, खेळतात आणि त्यांचे काही दुखत नाही. सैलपणासोबत सततची वेदना, वारंवार लचकणे वा सांधा निसटणे आणि न संपणारा थकवा आला, तर डॉक्टर हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर किंवा हायपरमोबाइल एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम यांचा विचार करतात. शरीराच्या जोडऊतींना बळकटी देणाऱ्या कोलॅजन नावाच्या प्रथिनातील दोष या विकारांच्या मुळाशी असल्याचे मानले जाते. एहलर्स-डॅनलॉसचे एकूण १३ प्रकार २०१७ च्या वर्गीकरणात नोंदवले आहेत. हायपरमोबाइल प्रकाराचे जनुक अद्याप निश्चित सापडलेले नाही, म्हणून त्याचे निदान तपासणीवर आणि रुग्णाच्या हकिगतीवरच होते. निदान आपण करावे, अशी कुणाचीच अपेक्षा नाही. परंतु निदान होण्याच्या कितीतरी आधी, अनेकदा त्याऐवजीच, आम्ही आपल्या वर्गात येतो.

आणि येताना आम्ही नेमकी उलटी तक्रार घेऊन येतो. मांड्यांच्या मागच्या शिरा आखडल्या आहेत, मान जड झाली आहे, पाठ दगडासारखी झाली आहे, असे आम्ही सांगतो आणि ते खरेच असते. सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध ढिले असले की ते काम आसपासच्या स्नायूंवर येऊन पडते. दिवसभर सांधा सावरून धरणारा स्नायू संध्याकाळी ताठतो. तो ताठरपणा म्हणजे स्नायूने दिलेला पहारा आहे. ताण दिला की तासभर छान वाटते. मग पहारा सुटलेला सांधा पुन्हा हलू लागतो आणि दुसऱ्या दिवशी स्नायू आदल्या दिवसापेक्षा घट्ट होऊन बसतो. विद्यार्थिनी म्हणते, अजून आखडलेच आहे. शिक्षक म्हणतात, मग थोडा वेळ जास्त थांबा. मी स्वतः या चक्रात जवळजवळ वर्षभर फिरत होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की ज्या व्यक्तीचे अंग सहज वळते आणि जी तरीही आखडल्याची तक्रार करते, तिला आणखी ताण देण्याऐवजी त्या सांध्याभोवतीचे बळ वाढवणारा व्यायाम द्यावा.

वर्गात सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी सूचना म्हणजे 'शरीर सांगेल तिथे थांबा'. बहुतेकांसाठी ती योग्यच आहे. आमचे शरीर मात्र उशिरा सांगते. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे आणि गुडघा किती वाकला आहे, हे ओळखणारी एक आतली जाणीव प्रत्येकाकडे असते. सैल सांध्यांच्या अनेकांत ती मंद असल्याचे, विशेषतः गुडघ्याच्या बाबतीत, अभ्यासांत आढळले आहे. मी वर्षानुवर्षे ऐरोलीपासून वाशीपर्यंत लोकलमध्ये गुडघे मागे ढकलून, कडीला लोंबकळल्यासारखी उभी राहत होते आणि आपण सरळ उभे आहोत, असेच मला वाटत होते. फिजिओथेरपिस्टनी बाजूने काढलेला फोटो दाखवला, तेव्हा माझ्या पायांचा आकार धनुष्यासारखा मागे गेलेला मला पहिल्यांदा दिसला. गुडघा खरोखर सरळ केला, तेव्हा तो वाकलेलाच आहे, अशी माझी खात्री होती.

अशा माणसाला आतून कळत नसेल तर बाहेरची खूण द्यावी लागते, आणि ती घरात सहज मिळते. त्रिकोणासनात पुढच्या पायाची पोटरी लाकडी ठोकळ्याला टेकवली की गुडघा मागे जाऊ शकत नाही. पश्चिमोत्तानासनात गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर पुरते. वृक्षासनात पाठीमागे भिंत असावी आणि उभ्या पायाचा गुडघा बोटभर वाकवलेला असावा. भुजंगासनात कोपरे पूर्ण ताठ न करता फासळ्यांजवळ ठेवली, तर पाठीचे स्नायू काम करतात. ताठ केली की सारा भार सांध्यावर लोंबकळतो. 'गुडघे ताठ' आणि 'हात पूर्ण सरळ' हे शब्द आपल्या बोलण्यातून गेले तरी आमचे निम्मे काम होईल. सेतुबंधासन, शलभासन, भिंतीला टेकून अर्ध्यापर्यंत बसणे, भिंतीवरचे दंड, हे सगळे आपण शिकवताच. ते सावकाश, मोजून आणि टोकाच्या आधी थांबून करवून घ्यावे, एवढेच मागणे आहे.

पडद्यासंबंधीच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांवर मी बराच विचार केला आहे. आमची घरे लहान. मोबाइल जमिनीवर तांब्याला टेकवून ठेवायचा आणि समोर सतरंजी अंथरायची, अशी बहुतेकांची मांडणी असते. समोरून पाहिल्यावर मागे गेलेला गुडघा आणि उलट गेलेले कोपर दिसतच नाही. ते बाजूनेच दिसते. उभ्या स्थितीतील आसनांच्या वेळी सर्वांना सतरंजीवर आडवे वळून उभे राहायला सांगितले, तर कॅमेरा हलवावा लागणार नाही. दुसरे असे की आसन करता करता पडद्याकडे पाहण्यासाठी विद्यार्थी मान वर करतो किंवा वळवतो, आणि ज्यांची मान आधीच सैल आहे त्यांच्यासाठी हे धोक्याचे आहे. आम्ही बसलेले असताना आपण आधी आसन पूर्ण दाखवावे आणि नंतर आम्ही ते करत असताना केवळ बोलावे. आकाशवाणीवरचे क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्याला मैदान दिसत असे, तितके तपशीलवार बोलणे शक्य आहे, असा माझा अनुभव आहे. माझ्या सध्याच्या फिजिओथेरपिस्ट तसे बोलतात. माइक बंद ठेवण्याचा नियम साठ जणांसाठी आवश्यक असेल, पण मग अडचणीत सापडलेल्याने काय करावे, हे पहिल्या दिवशी सांगायला हवे.

वेगाविषयीही थोडे सांगावेसे वाटते. रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कारांचा संकल्प करण्याची आपल्याकडे चांगली प्रथा आहे आणि ऑनलाइन वर्गांत महिनाभर आधी तिची तयारी चालते. पण एका सूर्यनमस्काराच्या १२ स्थितींत डोके पुन्हा पुन्हा खाली जाते आणि वर येते. सैल सांध्यांच्या काही जणांना पॉट्स नावाचा त्रास असतो. त्यात उभे राहिल्यानंतरच्या १० मिनिटांत रक्तदाब फारसा न उतरता नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढते, किशोरवयीनांत ४० नी, आणि चक्कर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशांसाठी आडवे पडून, मग बसून आणि सर्वांत शेवटी उभ्याने, हा क्रम हवा. शिवाय आमची वेदना त्याच वेळी बोलत नाही. वर्गाच्या शेवटी कसे वाटते आहे, असे आपण आपुलकीने विचारता आणि आम्ही मनापासून छान म्हणतो. हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर विचारला, तर आपल्याला वेगळी आणि अधिक उपयोगी उत्तरे मिळतील.

हे सारे वाचून सैल सांध्यांच्या माणसाने व्यायामच टाळावा, असा अर्थ कृपया काढू नये. मला खांद्याच्या दुखापतीनंतर एकाने तसा सल्ला दिला होता. सहा महिने मी तो पाळला आणि त्या सहा महिन्यांत जिना चढणेही कठीण झाले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या ब्रिटिश अभ्यासात १८ रुग्णांनी आठ आठवडे घरच्या घरी बळाचे आणि तोल राखण्याचे व्यायाम केले. त्यांची वेदना कमी झाली आणि गुडघ्याची स्थितिजाणीव सुधारली. डेन्मार्कमध्ये सैल आणि दुखऱ्या खांद्यांच्या १०० जणांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर १६ आठवडे देखरेखीखाली जड वजनांचे व्यायाम करणाऱ्यांच्या खांद्याचे कामकाज हलक्या व्यायामाच्या गटापेक्षा अधिक सुधारले, जरी जड गटात तात्पुरती स्नायुदुखी जास्त होती. म्हणजे आम्ही काचेची भांडी नाही. आम्हाला भार चालतो, तो हळूहळू वाढवला आणि सांधा मध्यावर धरून उचलला तर.

ऑनलाइन वर्ग बंद करून आम्हाला प्रत्यक्ष वर्गात बोलवावे, असेही मी म्हणत नाही. आमच्यासाठी घर हीच अनेकदा सर्वांत योग्य जागा असते. थकव्याच्या दिवशी घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून कासारवडवलीहून नौपाड्यापर्यंत येण्यातच दिवसाचे बळ संपते. घरी भिंत आहे, पलंग आहे, हव्या तेवढ्या उशा आहेत. आणि पडद्यापलीकडचे शिक्षक पाठीवर हात ठेवून आम्हाला खाली दाबू शकत नाहीत, हा मला तरी मोठा दिलासा वाटतो. ध्वनिचित्रमुद्रित वर्गाचा आणखी एक लाभ असा की तो मध्येच थांबवता येतो.

बदल कुठून सुरू करावा, असा प्रश्न पडेल. नोंदणीच्या अर्जापासून करावा, असे मी सुचवेन. आज त्या अर्जात रक्तदाब, मधुमेह, कंबरदुखी, गरोदरपण यांची चौकशी असते. त्यात आणखी पाच साधे प्रश्न घालता येतील: आता किंवा पूर्वी कधी गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकत होते का, अंगठा कोपराखालच्या हाताला टेकतो किंवा टेकत होता का, लहानपणी शरीर विचित्र वळवून दाखवून मित्रमैत्रिणींची करमणूक करत होता का, किंवा दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीवर बसता येत होते का, लहानपणी किंवा किशोरवयात खांदा वा गुडघ्याची वाटी एकाहून अधिक वेळा निखळली होती का, आपले सांधे इतरांपेक्षा जास्त वळतात, असे वाटते का. हे प्रश्न डॉक्टर वापरतात आणि दोन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली, तर सैलपणाची शक्यता धरतात. सांधा अलीकडे वारंवार निखळत असेल, भोवळ येऊन पडणे होत असेल, हातापायांत मुंग्या वा बधिरपणा येत असेल, लघवी-शौचावरचा ताबा बिघडला असेल, किंवा घरात कुणाला रक्तवाहिन्या फाटण्याचा विकार असेल, तर वर्गात घेण्याआधी डॉक्टरांकडे पाठवावे. याबाबतीत संकोच नको.

होकारार्थी उत्तरे देणाऱ्यांसाठी आठ-दहा जणांची एक वेगळी तुकडी काढता आली, तर फारच चांगले. फिजिओथेरपिस्ट आणि योगशिक्षक यांनी ती मिळून चालवावी. तिथे पहिले काही आठवडे उठण्या-बसण्याची, उभे राहण्याची आणि ओझे उचलण्याची रीतच शिकवावी. लोकलमध्ये उभे कसे राहायचे, हा एक पूर्ण तास होऊ शकतो.

एक नाजूक गोष्टही लिहिते. ज्यांचे अंग लहानपणापासून वळते तेच योगाकडे, नृत्याकडे, जिम्नॅस्टिक्सकडे सहज ओढले जातात आणि पुढे त्यांच्यातलेच काही जण शिक्षक होतात. त्यामुळे आपल्यापैकी काही जण आमच्याच जातकुळीचे असण्याची शक्यता मला खूप वाटते. आपले कोपर पडद्यावर उलटे गेलेले दिसते, तेव्हा पन्नास विद्यार्थी ते आदर्श म्हणून टिपून घेतात, आणि आपल्या स्वतःच्या खांद्याची मला काळजी वाटते ती वेगळीच. आपणही एकदा बाजूने फोटो काढून पाहावा. माझी चौदा वर्षांची मुलगीही माझ्यासारखीच आहे. नृत्याच्या वर्गात तिच्या गुडघ्यांचे कौतुक होते, तेव्हा मला तिच्या शिक्षिकांशी बोलावे लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या तासापासून तिला सर्वांसमोर करून दाखवायला बोलावणे बंद केले.

आपल्यापैकी ज्यांना अशी छोटी तुकडी सुरू करून पाहायची असेल, त्यांच्यासाठी मी आणि माझ्या ओळखीच्या आणखी चौघी, दोघी ठाण्यातल्या, एक नेरूळची आणि एक कोपरखैरण्याची, पहिल्या महिन्याच्या विद्यार्थिनी व्हायला तयार आहोत. कॅमेरा कुठे ठेवायचा, कोणती सूचना कळली आणि कोणती कळली नाही, दुसऱ्या दिवशी काय दुखले, हे आम्ही रोज लिहून देऊ. शुल्क नेहमीपेक्षा जास्त असले तरी चालेल. सकाळी सहाची वेळ आम्हा पाचही जणींना सोयीची आहे.

आपली विश्वासू,
नौपाडा, ठाणे येथील एक विद्यार्थिनी